फुटलेली, सरकलेली मंगलोरी कौलं कमी खर्चात स्वतः बदलायची तर या क्रमाने बदला

पाऊस तोंडावर आला की दरवर्षी तेच होतं. घरात थेंब पडतो, माणूस शिडी लावून वर चढतो, एक फुटकं कौल दिसतं ते काढून दुसरं खुपसतो आणि पहिल्या सरीला थेंब पुन्हा तिथेच पडतो. वर चढताना पाय पडून आणखी तीन कौलं गेली असतात ते वेगळंच.

कौल बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि शेवटचं काम आहे, पाच मिनिटांचं. वेळ आधी जातो. गळतंय नेमकं कुठून, ते कौल तिथून गेलंच का, आणि त्याच जातीचं दुसरं मिळणार कुठून, ही तीन उत्तरं हातात नसतील तर शिडीला हात लावू नका. खालचं सगळं मंगलोरी कौलांसाठी आहे, नळीच्या गावठी कौलांची रीत वेगळी.

## आधी ठरवा, हे काम तुमचं आहे का

पाच-पंधरा कौलं गेलीत, घर एकमजली आहे, रिपा (कौलं ज्यांना अडकतात त्या लाकडी आडव्या पट्ट्या) बऱ्यापैकी धड आहेत, तर घ्या अंगावर. पण आधी अंगणात लांब उभं राहून आढ्याची, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेची, रेघ बघा. ती सरळ दिसली पाहिजे, मध्येच घोड्याच्या पाठीसारखी खाली गेलेली असेल तर आढं किंवा वासा (आढ्यापासून खाली उतरणारं लाकूड) बसलाय आणि तिथे कितीही कौलं बदललीत तरी गळणार, कारण उतारच मोडलाय आणि पाणी तिथे रेंगाळतं. ते सुताराचं काम. तसंच वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर थांबा.

सावध: पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यावर पाय ठेवून कौलांपर्यंत जायचं नाही. ते कुरकुर न करता एकदम मोडतात. आणि जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते कापायचे, घासायचे, भोकं पाडायचे धंदेही करू नका.

## पायरी १: गळती आतून शोधा

भर दुपारी ऊन डोक्यावर असताना खोलीतले दिवे घालवा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. मग वर बघा. कौलांच्या सांध्यातून थोडा उजेड येतोच, तो सगळीकडे सारखा असतो त्याची काळजी नाही. आपल्याला वेगळा उजेड हवाय, म्हणजे एखादा ठिपका, कौलावरून तिरकी गेलेली रेघ, किंवा एका टोकाला जाड होत गेलेली फट (ही दिसली की कौल सरकलंय समजा).

थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल दोषी असतं हा सगळ्यात मोठा गैरसमज. पाणी आत आलं की रीप धरतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाला चिकटून उताराने खाली येत राहतं आणि कुठे गाठ किंवा खिळा लागला की टपकतं. आमच्याकडे थेंब स्वयंपाकघराच्या दारात पडायचा, मी त्या दारावरची सहा कौलं बदलली, आणि फुटकं कौल निघालं चार ओळी वर दोन वासे सोडून डावीकडे. तेव्हा थेंबापासून आढ्याच्या दिशेने वर वर शोधत जा. लाकडावर काळपट ओघळ किंवा पांढरी बुरशी असेल तर तिचा माग काढा, ती जिथे संपते तिथेच पाणी आत शिरतंय.

जागा सापडली की रिपेवर खडूने खूण करा, फोटो काढा आणि मोजून लिहून ठेवा: वळचणीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) सातवी ओळ, डाव्या भिंतीपासून अकरावं कौल, असं. कारण वर गेल्यावर सगळी कौलं सारखीच दिसतात आणि आतली डावी बाजू बाहेरून कुठली याचाही गोंधळ होतो. एक सोपी युक्ती म्हणजे फटीतून झाडूची हीर वर खुपसून ठेवायची, बाहेरून ती लगेच दिसते.

तपासा: कौल फुटलेलं दिसत नाही, सरकलेलंही नाही, तरी गळतंय? मग बहुतेक कौलाच्या कडेच्या पन्हळीत (पाणी वाहायच्या खाचेत) पातेरा आणि माती अडकलीय. पाणी पुढे जायला वाट नाही म्हणून ते बाजूने आत सांडतं. जुन्या टूथब्रशने किंवा काडीने पन्हळ मोकळी केली की गळती बंद, खर्च शून्य. नवीन कौलं आणायला धावण्याआधी हे बघाच.

## पायरी २: कौल का गेलं ते शोधा

लोक हीच पायरी गाळतात आणि म्हणून तेच कौल पुढच्या वर्षी पुन्हा बदलतात.

मंगलोरी कौल उलटं करून बघा. वरच्या टोकाशी मागच्या बाजूला दात असतात, ते रिपेला अडकतात आणि कौल त्यावर लटकून राहतं. कौल अख्खं आहे पण खाली घसरलंय असं दिसलं तर दोनच शक्यता, एकतर दात तुटलेत नाहीतर रीप कुजलीय किंवा वाकलीय. दात तुटलेलं कौल पुन्हा वर ढकलून ठेवलं तर ते शेजारच्यांच्या दाबाने काही दिवस राहतं आणि पहिल्या वादळात परत येतं, या वेळी अंगणात.

कौल मधोमध आडवं मोडलं असेल तर त्यावर कुणीतरी पाय दिलाय, किंवा माकड उडी मारून गेलंय, किंवा वरून नारळ नाहीतर फांदी पडलीय. फांदी असेल तर ती आधी तोडा. एकाच ओळीतली ओळीने तीन-चार गेली असतील तर दोष रिपेचा. वळचणीची आणि दोन्ही टोकांची गेली असतील तर वारा खालून घुसून उचलतोय, त्यांना तार बांधावी लागेल (पायरी ७).

## पायरी ३: तेच कौल मिळवा

मंगलोरी कौल म्हणजे एकच कौल असं समजून दुकानातून उचलून आणलं की फसलात. आयएस ६५४ या भारतीय मानकातच तीन मापं आहेत, ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० मिलिमीटर. त्यात प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, म्हणजे लांबी-रुंदी जुळली तरी कडेची पन्हळ आणि ओठ (दुसऱ्या बाजूची खाली वळलेली कड) एकमेकांत बसतीलच असं नाही. कौलाच्या अंगावर कारखान्याचा छाप असतो, एखादं नाव किंवा चित्र. तुमच्या छपरातलं एक धड कौल काढा, छाप बघा आणि ते कौल पिशवीत घालून सोबत घेऊन जा. फोटोवर भागत नाही.

मी एकदा घाईत मापाने बरोबर पण वेगळ्या छापाची वीस कौलं आणली. वर बसवल्यावर प्रत्येक कौल शेजारच्यापेक्षा अगदी दोन-तीन मिलिमीटर वर राहत होतं, म्हटलं चालतंय, एवढ्याने काय होतं. पश्चिमेचा वारा सुटला आणि पाणी त्या फटीतून आडवं आत आलं, खाली तांदळाची पिंपं होती.

जुनी कौलं घेण्यात कमीपणा काही नाही. घर पाडून स्लॅब घालणाऱ्यांकडे कौलांची रास महिनोन् महिने पडून असते आणि बरेचदा ते नुसतं उचलून न्या म्हणतात. फक्त निवडून घ्या:

- एका हातावर कौल तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या. बद्द वाजलं तर आत तडा आहे, डोळ्याला दिसत नसला तरी.
- सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबा. डगमगलं तर ते वाकडं भाजलेलं आहे.
- दात शाबूत आहेत का, आणि कडेचा ओठ कुठे उडालाय का ते बोट फिरवून बघा.
- तुमचं नमुन्याचं कौल आणि हे, दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी अडकवून बघा, मग वर-खाली ठेवून बघा. दोन्हीकडे न हलता बसलं पाहिजे.

आणि जुळणारं कुठेच मिळालं नाही तर? पैसे वाचवणारी खरी युक्ती इथे आहे. घरालाच लागून गोठा, खोपी, मागची न्हाणी असं काहीतरी त्याच छापाच्या कौलांचं असतं बघा. त्याच्या एका पाख्यावरची (छपराच्या एका उतारावरची) कौलं उतरवून मुख्य घराला वापरा आणि वेगळ्या छापाची नवी कौलं त्या गोठ्यावर सगळीच्या सगळी लावा. एकाच छापाची आख्ख्या पाख्यावर लागली की त्यांचं त्यांच्यात जमतं (फक्त रिपांचं अंतर त्यांना चालतंय का ते आधी दोन कौलं ठेवून बघा). दोन जाती एकाच पाख्यात मिसळल्या की वाट लागते.

किती घ्यायची? फुटलेली मोजा आणि चार-पाच जास्त घ्या, कारण काम करताना दोनतीन तरी हातून जातातच.

## पायरी ४: तयारी, शिडी आणि वेळ

दिवस कोरडा पाहिजे आणि वेळ सकाळची, नऊ-दहाच्या आत उरकेल असं बघा. नंतर कौलं तापतात, हात भाजतो आणि मग माणूस घाई करायला लागतो. शेवाळ धरलेल्या किंवा रात्रीच्या दवाने ओल्या कौलांवर कितीही सराव असला तरी चढायचं नाही.

सामान फार लागत नाही: दोन शिड्या, जाड दोर, लाकडाच्या पाचरी सहा-सात, मोजायची टेप, करवत, ड्रिल आणि स्क्रू, जस्ताचा मुलामा असलेली बारीक तार, पक्कड, जाड हातमोजे, आणि कौलं वर द्यायला एक बादली किंवा पोतं. हातमोजे मी मुद्दाम लिहितोय. कौलाखाली विंचू असतो, नेहमी नाही, पण कौल उचलून बोटं खाली सरकवताना तो तिथे नेमका त्याच दिवशी असतो. गांधीलमाश्यांचं पोळं आढ्याखाली आहे का ते आदल्या दिवशीच लांबून बघून ठेवा.

शिडी लावताना चारास एक हे प्रमाण धरा, म्हणजे शिडीचं वरचं टोक जमिनीपासून १२ फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून ३ फूट लांब. वळचणीच्या वर शिडी निदान तीन फूट आली पाहिजे, उतरताना धरायला. वरचं टोक वाशाला दोराने बांधा. कौलावर किंवा वळचणीला लावलेल्या पावसाच्या पन्हळीवर शिडीचा भार देऊ नका.

दुसरी शिडी छपरावर आडवी टाकण्यासाठी. तिच्या टोकाला भक्कम आकडा करून तो आढ्यापलीकडे अडकवा, नाहीतर टोकाला दोर बांधून तो आढ्यावरून पलीकडे सोडून झाडाला किंवा खांबाला आवळा. खाली दोन ठिकाणी गोणपाटाची घडी घाला. मग चालायचं ते शिडीच्या पायऱ्यांवर, भार बऱ्याच कौलांत वाटला जातो. कौलांवर थेट पाय ठेवायची वेळ आलीच तर जिथे वरचं कौल खालच्यावर चढलंय त्या दुहेरी भागावर, आणि तेही वाशाच्या वर, असा ठेवा. कौलाच्या मधल्या पोटावर कधीच नाही.

सावध: वीजेची सर्व्हिस वायर बहुतेक घरांत वळचणीजवळूनच आत येते. शिडी ॲल्युमिनियमची असेल तर दुप्पट लक्ष द्या. आणि खाली एक माणूस पाहिजेच, शिडी धरायला, कौल द्यायला, आणि वेळ आलीच तर माणसं बोलवायला. एकट्याने चढणार असाल तर इथेच थांबा.

## पायरी ५: आधी रीप नीट करा

जिथलं कौल गेलंय तिथली रीप कुजकी, वाळवी लागलेली किंवा वाकलेली असेल तर तेवढाच तुकडा बदला, आख्खी रीप काढायची गरज नसते. त्या भागातली कौलं उतरवून बाजूला, आणि कुजलेला तुकडा करवतीने कापायचा तो दोन्ही टोकं वाशाच्या मधोमध येतील असा. अधांतरी जोड ठेवला तर पहिल्याच भाराला मोडेल.

नवा तुकडा जुन्या रिपेच्याच जाडीचा हवा. अर्धा सेंटिमीटर जाड झाला तरी त्यावरची आख्खी ओळ उचललेली राहते. घरात पडलेल्या जुन्या सागाच्या फळीतून काढलात तर फुकटात होतं. रिपांमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटरच्या आसपास असतं पण या आकड्यावर विसंबू नका, शेजारच्या धड भागात एका रिपेच्या वरच्या कडेपासून दुसरीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि तेच ठेवा.

आता हातोडा बाजूला ठेवा. खिळे ठोकले की हादऱ्याने शेजारच्या जुन्या कौलांना तडे जातात, दात सुटतात, आणि ते तुम्हाला कळतं पावसातच. आधी ड्रिलने भोक पाडून स्क्रू मारा, रीप चिरतही नाही.

तपासा: नव्या तुकड्यावर दोन कौलं वर-खाली लावून बघा. वरचं खालच्यावर निदान ६० मिलिमीटर चढलं पाहिजे. कमी चढत असेल तर रीप खाली गेलीय, आत्ताच सुधारा.

## पायरी ६: कौल काढा आणि बसवा

प्रत्येक कौलाच्या एका कडेला वर तोंड केलेली पन्हळ असते आणि दुसऱ्या कडेला खाली वळलेला ओठ. पन्हळ शेजारच्या कौलाखाली जाते, ओठ पलीकडच्याच्या पन्हळीवर बसतो. वरचं टोक वरच्या ओळीखाली, खालचं टोक खालच्या ओळीवर. म्हणजे एक कौल काढायचं तर वरचं, आणि ज्याचा ओठ याच्यावर बसलाय ते बाजूचं, अशी दोन कौलं सैल करावी लागतात. हे न कळता ओढाओढ केली की शेजाऱ्याचा ओठ उडतो. एकाची दोन होतात ती इथे.

आतून (माळा किंवा सीलिंग नसेल तर हेच करा). घडवंचीवर किंवा शिडीवर उभं राहून खालून काम करायचं, छपरावर चढायचंच नाही. पडलात तरी छपरावरून नाही पडणार, आणि पायाखाली एकही कौल फुटणार नाही. डोळ्यावर चष्मा आणि तोंडावर फडकं घ्या, वर्षानुवर्षांची धूळ अंगावर येते.

आधी बिघडलेल्या कौलाच्या वरचं कौल खालून दोन्ही हातांनी किंचित उचला आणि आढ्याच्या दिशेने, त्याच्या वरच्या कौलाखाली सरकवा. काही इंच सरकतं, तेवढं पुरे. मग बिघडलेलं कौल वरच्या टोकाशी उचला, दात रिपेवरून सुटले की हळूच फिरवून आडवं करा आणि दोन रिपांमधून कडेवर धरून आत घ्या. तुकडे असतील तर एकेक करून काढा, बाहेर ढकलून देऊ नका, खालच्या ओळी फोडत जातात. नवं कौल याच वाटेने उलट्या क्रमाने: कडेवर धरून बाहेर, बाहेर गेल्यावर फिरवून सरळ, खालचं टोक खालच्या ओळीवर, ओठ पन्हळीवर, आणि दात रिपेच्या वरच्या बाजूला अडकवून खाली ओढा. शेवटी वर सरकवलेलं कौल परत जागेवर.

बाहेरून (सीलिंग असेल तर). आडव्या शिडीवर बसून वरच्या कौलाचं खालचं टोक दोनेक इंच उचला, पाचर घाला. बाजूच्या ओठवाल्या कौलाखालीही एक पाचर. फुटकं कौल थोडं वर ढकलून दात सोडवा आणि खाली ओढून काढा. नवं कौल खालून वर सरकवत न्या, दात रिपेपलीकडे गेले की खाली ओढा. अडकल्याचा हलका ‘टक’ हाताला कळतो, कानाला कळतोच असं नाही. तो आला नाही तर पाचरी काढायच्या नाहीत.

ओळीने बरीच कौलं गेली असतील तर क्रम कायम खालून वर, वळचणीकडून आढ्याकडे. वरून सुरुवात केलीत तर प्रत्येक ओळ पुन्हा उचलावी लागते.

तपासा: पाचरी काढल्यावर कौलाचं खालचं टोक तळव्याने हलकं दाबा. डगडगलं तर खाली कचरा आहे किंवा ओठ पन्हळीवर बसलेला नाही. आणि ओळीकडे बाजूने एक डोळा मिटून बघा, नवं कौल वर आलेलं दिसत असेल तर ते काढून दुसरं लावून बघा. जुन्या कौलांत प्रत्येकाचा थोडा थोडा बाक असतो, कधी कधी तेच कौल दोन जागा सोडून बरोबर बसतं.

## पायरी ७: वळचण आणि कडा तारेने बांधा

वळचणीच्या ओळीखाली दुसरी ओळ नसते, म्हणून तिथली शेवटची रीप जाड किंवा दुहेरी असते. ती बदलताना साधी एकेरी लावली तर कौलाचं नाक खाली झुकतं आणि मागे फट पडते.

कौलाच्या मागे तारेसाठी भोक असलेला उंचवटा असतो (काही जुन्यांत नसतो). वळचणीची ओळ आणि दोन्ही टोकांचे उभे पट्टे या भोकातून तार ओवून रिपेला बांधा. तार ताठ आवळू नका, बोटाचं नख जाईल इतकी सैल ठेवा, उन्हात लाकूड आणि कौल दोन्ही हलतात. मधली कौलं बांधायची गरज नाही, आणि सगळी बांधलीत तर पुढच्या वर्षी एक बदलायला दहा तारा कापाल.

## पायरी ८: आढ्याची कौलं सगळ्यात शेवटी

आढ्याचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्या-सिमेंटात बसवलेले असतात. तडा गेलेला मसाला दिसला की लोक वरून नवं सिमेंट फासतात. ते जुन्याला धरत नाही, एका उन्हाळ्यात पोपडा सुटतो आणि त्या पोपड्यामागे पाणी साठतं.

हलणारा कोना उचला, जुना मसाला छिन्नीने हळू खरवडून काढा, कोना आणि खालच्या कौलांची टोकं दोन्ही पाण्याने चांगली भिजवा (कोरडं कौल मसाल्यातलं पाणी शोषतं आणि मसाला भुगा होतो). एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. नुसतं तगडं सिमेंट करू नका, ते ताठ होतं आणि पुढे कोना काढताना कौलंही घेऊन जातं. मसाला फक्त दोन्ही कडांना लावायचा, कोन्याचं पोट भरून टाकायचं नाही. दोन-तीन दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा.

पक्के बसलेले कोने उगाच हलवू नका.

## पायरी ९: पाणी मारून बघा

घरात एक माणूस टॉर्च घेऊन, बाहेर एक पाइप घेऊन. पाणी वरून खाली, पावसासारखं पडलं पाहिजे, जोराचा फवारा खालून वर मारलात तर धड छप्परही गळेल आणि नसता घोर लागेल. सुरुवात मात्र वळचणीच्या ओळीपासून करा, एक ओळ पाच मिनिटं, मग तिच्या वरची. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर गळालं ते नक्की कुठल्या ओळीने हे कळत नाही.

पहिली काही मिनिटं कौल पाणी पितं, आतून ओलसर काळं दिसतं. त्याने घाबरायचं नाही. थेंब धरून पडला तरच गळती.

## पाऊस सुरू झालाय आणि कौल नाही, तर

पत्र्याचा तुकडा. जुन्या तेलाच्या डब्याचा सरळ केलेला पत्राही चालतो. कौलाएवढा रुंद आणि थोडा जास्त लांब कापा, वरच्या टोकाला दोन सेंटिमीटरची घडी खाली वळवून तो आकडा रिपेला अडकवा, वरचं टोक वरच्या कौलाखाली आणि खालचं टोक खालच्या कौलावर. एक पावसाळा निघतो. कडा धारदार असतात, हातमोजे काढू नका.

ताडपत्री टाकणार असाल तर ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर गेलीच पाहिजे. अर्ध्यातच संपवलीत तर वरचं सगळं पाणी तिच्या वरच्या कडेखाली शिरतं आणि आधीपेक्षा जास्त गळतं. दाबायला दगड ठेवू नका, वाऱ्याने ताडपत्री फडफडली की तेच दगड कौलं फोडतात. दोराच्या दोन टोकांना वाळूच्या पिशव्या बांधून दोर आढ्यावरून दोन्हीकडे सोडा.

बारीक तडा असेल तर डांबरी चिकटपट्टी चालते, पण कौल पूर्ण कोरडं आणि शेवाळ खरवडलेलं पाहिजे, म्हणजे चार दिवस उघाड मिळाली तरच. कौलाच्या तड्याला सिमेंट लावू नका, कधीच.

उरलेली चार कौलं गोठ्यात एकावर एक आडवी रचून ठेवू नका, खालची भाराने तडकू शकतात. भिंतीला टेकून पुस्तकांसारखी उभी ठेवा, खाली एक फळी, आणि पुढच्या कौलावर खडूने छाप आणि रिपांचं अंतर लिहून ठेवा.